पहिले दूध कुणाचे

उतू गेलेल्या दुधाला एकामागून एक दोन वास येतात. पहिला गोड, ओलसर, तान्ह्या बाळाच्या टाळूसारखा. आणि तो नाकात पुरता भरायच्या आत दुसरा, तापल्या लोखंडावर करपणारा, कडवट, किंचित धुरकट. रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या त्या खोलीत हे दोन्ही वास मी एकाच श्वासात घेतले. त्यांच्या तळाशी तिसराही होता, दोन दिवसांपूर्वी भिंतींना दिलेल्या रंगाचा. दिवाळी होऊन आठवडा उलटला होता. कुंडलिकेवरून येणारा वारा खिडकीतून आत येत होता आणि नव्या शेगडीची निळी ज्योत त्याला दाद देत नव्हती. पातेल्याच्या काठावर साय फुगली, थरथरली, आणि चारी बाजूंनी पांढऱ्या धारा खाली उतरल्या, तेव्हा आम्ही पाचही जणींनी टाळ्या वाजवल्या.

पातेले मी ठेवले होते. शेगडी मी पेटवली होती. उंबऱ्यावरची रांगोळी सिस्टरची, दारावरचे आंब्याचे डहाळे बाकीच्या तिघींचे. जिच्यासाठी हा सारा थाट, ती मावशी दाराबाहेर उभी होती. हातातली कापडी पिशवी तिने अजून खाली ठेवली नव्हती.

“या ना मावशी, आत या,” मी म्हटले.

ती आली. तिने दुधाकडे पाहिले, शेगडीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहून हात जोडले.

“बेस झाला, बाई,” ती म्हणाली.

त्या क्षणी मला वाटले, एक काम पूर्ण झाले. शाळेत तीसेक वर्षे मराठी शिकवलेल्या बाईला वाक्य कुठे पूर्ण होते हे कळायला हवे होते. ते मला कळले नाही.

आम्ही पाचही जणी पेणच्या. मी निवृत्त शिक्षिका. एक निवृत्त परिचारिका, जिला तिच्या घरचेसुद्धा सिस्टरच म्हणतात. आणि पोह्याचे पापड करून विकणाऱ्या तिघी जावा. कित्येक हिवाळे आम्ही रोह्याच्या स्टेशनावर चादरी वाटायला जात असू. पेणहून गाडी निघाली की कासूपर्यंत उजव्या-डाव्या हाताला शेते, मध्येच खाडीच्या चिखलाचा खारट, शिंपल्यांसारखा वास. आमच्या मांडीवर नव्या चादरींचे गठ्ठे, त्यांना कांजीचा वास. आणि मनात एक गुळचट समाधान. मग एका वर्षी चादर घेणाऱ्या हाताकडे बघून सिस्टर थबकली. मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता.

“हा हात मी मागच्या वर्षी पाहिलाय,” परतीच्या गाडीत ती म्हणाली. “त्याच्या मागच्या वर्षीही. आपण दर हिवाळ्यात तीच जखम झाकतो. धुवायची कोणी?”

पापडवालींपैकी थोरली जाऊ म्हणाली, “आमच्यात पीठ बिघडलं तर पापडावर रंग नाही लावत. पीठ बदलतात.”

गाडी नागोठणे सोडून कासूला येईपर्यंत आमचे ठरले होते. आधी घर. पक्के, भाड्याचे, दार-खिडकीचे. ‘आधी सुधारा, मग घर देऊ’ असे म्हणायचे नाही. घरात राहू दे, मग कागद, औषध, काम, जे जे सुटले असेल ते एकेक करून जोडू. सुरुवात एकीपासून करायची. ज्या हाताने सिस्टरला थांबवले होते त्याच हातापासून.

तो हात मावशीचा. स्टेशनाबाहेरच्या चहावाल्यापासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत. पहाटे ती चहाच्या टपरीसमोरची जागा झाडी, पाण्याचे हंडे भरी, आणि त्या बदल्यात चहा-पाव खाई. झोपायला शेवटचा बाक. तिने आपली हकीकत मला एका बैठकीत कधीच सांगितली नाही. वाल सोलताना एकेक दाणा परातीत टपकावा, तशी ती सांगे.

तिचे माहेर आणि सासर दोन्ही खाडीकाठचे, मिठागरात राबणारे. उन्हाळाभर मीठ ओढायचे आणि पावसाळ्यात बांधाआडच्या खारजमिनीत भात लावायचे. एका उधाणात बांध फुटला. “खांड गेली,” ती म्हणे, बांधाला भगदाड पडले याला तिथे असेच म्हणतात. “पानी आला नि गेलाच नाय.” शेतात खारफुटी उगवली. मग नवरा-बायको रोह्याजवळच्या धाटावला, कारखान्यांच्या वसाहतीत आली. एका ठेकेदाराकडे तो कंपनीत शिफ्ट करी. ठेकेदाराने दिलेली एक पत्र्याची खोली होती. नवरा आजारात गेला आणि खोलीही गेली, कारण खोली कामाची होती, माणसाची नव्हती. मग ती भावाकडे गेली.

“भावानं काढलं तुम्हाला?” मी विचारले होते.

“नाय गो बाई. त्यानी कशाला काढायचा? पन वयनीची चूल. तिला हात लावायचा नाय, भाकरी वाढून मिलायची. दोन वरसं वाढलेली भाकर खाल्ली. मंग एक दिस उठली नि गाडीन बसली.” आणि वर, “वयनीचा पन बरोबर. चूल एकीचीच असते.”

हे वाक्य मी ऐकले, वहीत सुवाच्य अक्षरात उतरवले, आणि त्यातले काहीएक मला कळले नाही.

खोली शोधायला दोन महिने गेले. रोह्यात आणि अष्टमीत आम्ही जिने चढलो-उतरलो. ‘एकटी बाई’ म्हटल्यावर निम्मी दारे मिटत आणि ‘स्टेशनावरची’ म्हटल्यावर उरलेली. अखेर अष्टमीत, पूल उतरून आत गेल्यावर, एका घरमालकिणीने आम्हाला ओटीवर बसवले. साठीची, ठसठशीत, आतल्या गावात भाताची आणि वालाची शेती असलेली विधवा बाई. मागच्या अंगाला तिच्या दोन खोल्या होत्या. मी तिला काकी म्हणू लागले, ती मला सुरुवातीपासून ‘मास्तरीन’ म्हणे.

“दारू पिते काय ती?” काकीने विचारले.

“नाही हो.”

“मग भांडते?”

“अजिबात नाही.”

“अगो, मग राहील कशी? जरा भांडणारी पायजे. मागला भाडेकरू कंपनीत होता, शिफ्ट करून यायचा नि झोपायचा, नायतर महिना महिना कुलूप. वाळवीनं चौकट खाल्ली माझी. माणूस नसलं की घर आतून खायला लागतं.” तिने पदराने हात पुसले. “खोली देते. पण ती वापरात पायजे. चूल पेटली पायजे, धूर दिसला पायजे. संक्रांतीपर्यंत बघते. तवर घर लागलं तर राहू दे तिला जन्मभर. नाय लागलं, तर मी दुसरं माणूस बघते. मग माझ्याकडं रडत यायचं नाय.”

आम्ही आनंदाने मान डोलावली. संक्रांत लांब होती, आणि घर मिळालेले माणूस घरात राहणार नाही हे आमच्या स्वप्नातही नव्हते.

पुढचे दिवस उत्साहाचे. काकीने करारावर सही करताच मावशीला पत्ता मिळाला आणि पत्ता मिळताच तिचे आधार कार्ड करायला आम्ही गेलो. तिथे एक गंमत झाली. यंत्र तिच्या बोटांचे ठसे घेईना. मिठाने आणि झाडूच्या दांड्याने तिच्या बोटांवरच्या रेषा पुसून टाकल्या होत्या. केंद्रातल्या मुलीने बोटे पुसली, पुन्हा ठेवली, पुन्हा पुसली. मावशी तिची समजूत घालत होती: “राहू दे गो पोरी, तुज्या मशीनचा दोष नाय. मीच झिजलीय.” शेवटी मुलीने डोळ्यांचे यंत्र पुढे केले. मावशीने हनुवटी उचलली, डोळे विस्फारले, आणि यंत्राने एकदम मान्य केले.

“डोल्यांनी वलखला मना,” ती बाहेर आल्यावर भेटेल त्याला सांगत होती. रिक्षावाल्याला, चहावाल्याला, बांगड्यांच्या दुकानातल्या अनोळखी बाईला.

सिस्टरने तिचा रक्तदाब तपासून घेतला. गोळी सुरू झाली, सकाळी जेवल्यावर एक. मी शेगडीशेजारच्या फळीवर डबे लावले, प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली: तांदूळ, डाळ, मीठ. मिठाचा डबा उघडून तिने चिमूटभर जिभेवर ठेवले होते आणि तोंड वाकडे केले होते. “दुकानाचा. याला चव नाय, नुसता खारट.” मी हसले. मला वाटले, तक्रार करते आहे म्हणजे रुळते आहे.

मार्गशीर्ष सुरू झाला आणि काकीचा फोन आला.

“मास्तरीन, तुमची बाई चूल नाय पेटवत.”

मी आणि सिस्टर दुसऱ्याच दिवशी गेलो. खोलीचे दार सताड उघडे होते, जसे ते नेहमीच असे, आणि नेहमीसारखीच मी सरळ आत शिरले. शेगडी दूध उतू घातल्या दिवशी आम्ही पुसून ठेवली होती तशीच चकचकीत. डब्यांतला तांदूळ हललेला नव्हता. गादी गुंडाळून कोपऱ्यात उभी होती, तिच्यावरचे प्लॅस्टिकसुद्धा निघालेले नव्हते. मावशी पडवीत, भिंतीला टेकून, आपल्या जुन्या चादरीवर बसली होती. आम्हाला पाहून ती लगबगीने उठली.

“बसा, बाई. बसू काय मी?” तिने विचारले.

काकीकडून कळले ते असे: रात्री ती पडवीत झोपते, पहाटे उठून खोली झाडते, पुसते, आणि पूल ओलांडून स्टेशनावर जाते. चहा-पाव तिथेच. दुपारी टपरीमागे बसून राहते. परत येते ती पाहुण्यासारखी, चप्पल हातात घेऊन.

“म्हणजे गोळी रिकाम्या पोटी,” सिस्टर कपाळाला हात लावून म्हणाली. गोळीला जेवण हवे, जेवणाला चूल हवी. आम्ही सगळे दिले होते आणि कशालाच कशाचा धागा लागत नव्हता.

मग आमचे निदान सुरू झाले. सिस्टर म्हणाली, उदासी असेल, डॉक्टरांशी बोलू. पापडवाल्या जावा म्हणाल्या, गॅसचे भय वाटत असेल. त्यांतल्या धाकटीने तिला दिवसभर बसून बर्नर उघडायला-मिटायला शिकवले. मावशीने तो धडा निमूट गिरवला आणि शेवटी म्हणाली, “येते मना. कंपनीच्या खोलीत व्हता गॅस.” माझे निदान अर्थातच सर्वांत सुंदर होते. मला वाटले, इतकी वर्षे गाड्यांच्या आवाजात झोपलेल्या कानांना ही शांतता टोचत असणार. त्यावर मी एक कविता लिहिली. तिच्यात रूळ होते, शिट्टी होती, लोखंडाची अंगाई होती. ती मी मावशीला वाचूनही दाखवली.

तिने पूर्ण ऐकून घेतली. “बेस हाय,” ती म्हणाली. “पन बाई, त्या गाडीच्या आवाजान मना एक दिस झोप नाय लागली.”

सिस्टर इतकी हसली की तिला ठसका लागला. कविता मी घडी करून पर्समध्ये ठेवली; चांगल्या उपमांनाही कधीकधी तिथेच राहावे लागते.

पौष उजाडला. संक्रांत आता बोटांवर मोजण्याइतकी जवळ होती. एका सकाळी मी एकटीच अष्टमीला गेले. मावशी स्टेशनावर गेलेली. काकी ओटीवर ऊन घेत मोड आलेले कडवे वाल सोलत बसली होती. कोमट पाण्यातून दाणा उचलायचा, बोटाने दाबायचा, की साल हातात राहते आणि दाणा निसटून परातीत उडी घेतो. त्या ओल्या सालींना एक हिरवा, कडसर वास असतो. मी समोर बसून सोलू लागले.

“काकी, आम्ही काय कमी केलं हो?” मी विचारले. माझा स्वर मलाच रडवेला वाटला.

“कमी?” काकीने माझ्याकडे न बघता दाणा उडवला. “जास्ती केलंत. खोलीत दूध कोणी घातलं उतू?”

“मी.”

“शेगडी?”

“मीच पेटवली.”

“रांगोळी सिस्टरची, तोरण त्या पापडवाल्यांचं. आणि ती कुठं होती?”

मी हातातला दाणा दाबला, तो परातीबाहेर उडाला.

“दाराबाहेर, पिशवी धरून. मी बघत होते ना इथनं. म्हटलं, ह्या शिकलेल्या बायका, ह्यांचं काय वेगळं असेल.” आता तिने वर पाहिले. “अगो मास्तरीन, जिच्या हातचं पहिलं दूध चुलीवर उतू जातं, तिचं घर. हे तुला पेणेत कोणी सांगितलं नाय? चूल तुझी, घर तुझं. ती बिचारी पाहुणी म्हणून राहते तुझ्याकडं. पाहुण्यानं काय तुझ्या चुलीला हात लावायचा?”

परातीतले वाल मला दिसेनासे झाले. मला हे ठाऊक नव्हते असे नाही. माझ्या स्वतःच्या लग्नानंतर नव्या बिऱ्हाडात पहिले दूध मीच उतू घातले होते, सासूबाईंनी माझा हात धरून. पण त्या दिवशी खोलीत आमच्यापैकी कुणीही ‘मावशी, तुम्ही ठेवा’ असे म्हटले नव्हते. का म्हटले नव्हते, हेही मग हळूच वर आले. कुणी बोलले नाही, पण शुभकार्य म्हणून आम्ही एक कुंकवाची बाई पुढे केली होती, आणि ती मी होते.

काकीने ते न सांगता ओळखले. “मी पण कुंकू पुसलेली,” ती शांतपणे म्हणाली. “माझ्या घरात दूध मी घालते. उतू जाताना दूध कपाळ बघत नाय.”

मी तशीच उठले, पूल ओलांडला, रिक्षा करून स्टेशन गाठले. मावशी टपरीमागे पेले विसळत होती. मी तिच्याजवळ उकिडवी बसले आणि सरळ विचारले. तिने पेला पालथा घातला, हात पदराला पुसले.

“व्हय,” ती म्हणाली. “ता तुमचा घर हाय, बाई. दूध तुमी घातलाव ना. तुमी चांगल्या, म्हनून ऱ्हाली. पन पावन्यानी किती दिस ऱ्हायाचा?”

“मग पुन्हा घालू या दूध. या वेळी तुम्ही. उद्याच,” मी घाईने म्हटले.

तिने माझ्याकडे असे पाहिले, जसे मी वर्गात कधीकाळी ऱ्हस्व-दीर्घ सोडून देणाऱ्या मुलाकडे पाहत असे. “एका चुलीवं पयला दूध दोनदा नाय जात, बाई. एकदा गेला ता गेला.”

“मग?”

“मंग काय. दुसरी चूल लागंल.” आणि प्रथमच तिच्या डोळ्यांत खट्याळ काही लुकलुकले. “मातीची. मना येते कराला.”

काकीला हे सांगितले तेव्हा तिने आधी कपाळावर आठ्या आणल्या, मग रंग दिलेल्या भिंतींची आठवण करून दिली, मग मागच्या पडवीचा कोपरा दाखवला, आणि मग खरे भांडण सुरू झाले. भांडण मातीचे होते. मावशीचे म्हणणे, चूल खाडीकाठच्या चिकट मातीची. तिच्या आईने तशाच केल्या.

“खाऱ्या मातीची चूल?” काकी ओरडली. “पहिल्या उकळीला तडकेल! आमच्या भाताच्या शेतातली आण. तूस घाल, शेण घाल, वर्षभर हलायची नाय.”

“तुमच्या मातीला चिकाटी नाय, काकी. आमी काय चुली नाय घातल्याव?”

“घातल्यास, नि समुद्राला दिल्यास!”

मी दचकले. हे फार लागेल असे वाटले. पण मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “समुद्रानी घर नेला, काकी. चूल नाय नेली. ती मी येताना लाथ मारून फोडली, दुसऱ्या कोनी वापरू नये म्हनून.” आणि दोघी एकदम अशा हसू लागल्या, की शेजारच्या गल्लीतले कुत्रे भुंकले. काकीला जरा भांडणारी भाडेकरू हवी होती. ती तिला मिळाली.

शेवटी दोन्ही माती मिसळायचे ठरले. काकीच्या भावाने शेतातून एक गोणी पाठवली. पापडवाल्या थोरल्या जावेने पेणजवळच्या खाडीकडून दुसरी आणली, आणि गाडीत तिच्या शेजारी कुणी बसेना, इतका त्या गोणीला वास. मावशीने तूस, शेण घालून माती मळली. मी पहिल्यांदाच तिचे हात पूर्ण कामात असलेले पाहिले. बोटांवर रेषा उरल्या नव्हत्या, पण माती त्या बोटांना ओळखत होती. अंगठ्याच्या एका दाबात काठ उभा राही, तळव्याच्या एका फिरवणीत पोट गोल होई. ओल्या मातीचा, शेणाचा, तुसाचा वास पडवीभर दाटला. सिस्टरने मदतीला हात पुढे केला, तो मावशीने कोपरानेच बाजूला सारला.

“नाय, सिस्टर. तुमी बसा. मना करू द्या.”

सिस्टर बसली. आम्ही सगळ्याच बसलो. बसणे हे इतके अवघड काम असेल असे आम्हाला कुणालाच वाटले नव्हते.

चूल वाळायला सात-आठ दिवस लागणार होते. म्हणजे बरोबर संक्रांत. निघताना मी जपून विचारले, “मग दूध संक्रांतीला ना? आम्ही सकाळच्या गाडीने—”

“तुमी येव नका,” मावशी म्हणाली.

धाकट्या जावेच्या चेहऱ्यावर उमटलेले मला दिसले: इतके करून आम्हालाच बोलावणे नाही? खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच आले.

“वाईट वाटून घेव नका, बाई,” ती सावकाश म्हणाली. “तुमी आलाव तर मी तुमच्या तोंडाकं बघत बसंन. दूध कदी गेला ता मना दिसायचा नाय.”

“बरोबर आहे तिचं,” काकीने निकाल दिला. “आणि ऐकून ठेव गो, मी पण घरात नसणार. संक्रांतीला लेकीकडं चाललेय चार दिवस. तवा धूर दिसला की नाय ते मी आल्यावर चुलीलाच विचारणार. राख असली तर खोली तुझी. नसली तर माझा शब्द तुला ठाऊक हाय.”

अशा प्रकारे, जिच्यासाठी आम्ही एवढी धावपळ केली होती तिला आम्ही आयुष्यात प्रथमच एकटे सोडले. मदत करणाऱ्या बायकांना घरी बसणे किती कठीण असते हे त्या आठवड्यात पेणमध्ये कुणीही पाहिले असते. मी तिळाचे लाडू वळले आणि ते दगडासारखे झाले. सिस्टरने अष्टमीला फोन करायचा नाही अशी शपथ घातली, आणि ती मला आठवते आहे ना हे विचारायला स्वतःच दिवसातून दोनदा फोन केला. रात्री मनात येई, ती परत त्या बाकावर गेली असली तर? या वेळी तर तिने आमच्या तोंडावर खरे बोलून घेतले होते. त्यानंतर गेलेले माणूस परत येत नाही. सकाळी वाटे, गेली असली तरी तिचा निर्णय. आणि दुपारपर्यंत पुन्हा रात्रीचाच विचार.

संक्रांत गेली. मधला एक दिवस मी मोठ्या निग्रहाने घालवला. तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत बसले, लाडवांचा डबा घेऊन. सिस्टर स्टेशनावर सोडायला आली.

रोह्याला उतरल्यावर मी आधी चहाच्या टपरीकडे पाहिले. समोरची जागा झाडलेली नव्हती. पाव गुंडाळल्याचे कागद वाऱ्याने इकडून तिकडे पळत होते. चहावाल्याला विचारायचे धैर्य झाले नाही; झाडलेली नाही म्हणजे ती इथे नाही, एवढे खरे होते, पण इथे नाही म्हणजे तिथे आहे, असे कुठे लिहिले होते? मी चालतच निघाले. पुलावर नदीचे पाणी ओहोटीने खाली गेले होते, काठचा गाळ उन्हात चमकत होता, आणि कोणीतरी कपडे आपटत होते. त्या आपटण्याचा आवाज पुलाखालून दोनदा येत होता, एकदा खरा आणि एकदा कमानीतून.

काकीच्या घराला कुलूप. ओटी रिकामी. मी बाजूच्या बोळाने मागे गेले आणि थांबले.

खोलीचे दार लागलेले होते. दोन्ही फळ्या मिटलेल्या. दिवाळीपासून आजवर ते दार मी बंद असे कधी पाहिलेच नव्हते. पडवीतली तिची चादर नव्हती, कापडी पिशवीही नव्हती. कोपऱ्यातल्या चुलीत राख आहे का, हे डोकावून बघायचे धैर्य झाले नाही. बाहेरून कुलूप आहे का ते पाहायला मी वाकले. कुलूप नव्हते, पण बाहेरची कडीही लावलेली नव्हती, आणि त्याचा अर्थ मला तत्क्षणी लावता येईना. मी दाराला हात लावला. ते हलले नाही.

या दारावर कसे वाजवायचे हे मला माहीत नव्हते, कारण मी कधी वाजवलेच नव्हते. बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक केली, जरा जास्तच हलकी. काही नाही. मग पुन्हा केली.

आत एक भांडे जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. आणि मग, मिटलेल्या दाराच्या आतून, कामातून मध्येच उठावे लागलेल्या बाईचा थोडा त्रासलेला, खणखणीत आवाज:

“कोन?”